तेरा घेवडे, एक मका

— नाही म्हटलं ना, मी येणार नाही. कॉलेजात माझ्या भावाच्या नावाची इमारत, त्याच्या नावाची पाटी, आणि पाटीवरचा पडदा ओढायला मी, कशाला? घरचे पडदे धुऊन वाळत घालते ते पुष्कळ आहेत. बस तू. तिथे नको, ती खुर्ची क्लॅरेन्सची, माझ्या नवऱ्याची, तिचा पाय डुगडुगतो — इकडे बस. कॉफी घेणार? — बघ, पहिल्याच खेपेला हो म्हणालीस. म्हणजे तू इकडची नव्हेस. कुठली, मिनियापोलिसची? तरीच. आमच्या डकोटात असं नसतं पोरी. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की अगं नको, उगाच त्रास कशाला, म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की बरं, अर्धा कप दे, म्हणायचं आणि तीन कप प्यायची. आमचे आजे नॉर्वेहून आले तेव्हा पेटीत दुसरं काही नव्हतं, ही रीत तेवढी घेऊन आले. पहिल्यांदाच घेतो तो हावरट, आणि दोनदाच विचारून थांबतो तो चिकट. तू घे, तुला काय माहीत. बशीत आहे ते लेफ्से, बटाट्याची पोळी — लोणी-साखर लाव, गुंडाळी कर आणि खा.

आणि त्या खोक्यात काय आणलंयस? — त्याच्या टेबलाच्या खणातलं. आणि ते काचेच्या कपाटात मांडणार, खाली चिठ्ठ्या लावून, वा. माणूस मेला की त्याच्या खणाचं देऊळ करायचं, ही कॉलेजवाल्यांची अक्कल. दाखव. हा सैन्यातून सुटल्याचा कागद, कोरियाचा. हा खडूचा तुकडा — हा माझा आहे, आमच्या शाळेतला, असा जाड खडू काउंटी आम्हालाच द्यायची, चोरला असणार त्याने. ही काडेपेटी कसली? हलवून बघ. — घेवडा? पांढरा घेवडा, एकच दाणा? आणि म्हणे त्याचं काय लिहू. लिही की, प्राध्यापक सेल्मर हाऊगस्टाड यांचा घेवडा. लांबून लांबून लोक येतील बघायला. अगं, शेतकऱ्याने घेवडा ठेवला तर तो पेरायला नाहीतर शिजवायला, प्राध्यापक ठेवतो तो काडेपेटीत. ठेव ती तिकडे.

तर तुला त्याचं लहानपण हवंय. खडतर बालपण, मातीत वाढलेला माणूस, असलं काहीतरी लिहिणार तू, मला ठाऊक आहे. खडतर कसलं डोंबलाचं. सहा गाई, दोन घोडे, मी आणि तो, आई-बाप आणि वारा. मी पाच वर्षांनी मोठी, तेव्हा खडतर जे होतं ते माझ्या वाट्याला, तो आपला गाईच्या पोटाला डोकं टेकून धार काढता काढता झोपायचा. शाळा दीड मैलावर. एक खोली, आठ इयत्ता, एक शेगडी, एक बाई. आणि पुढे एक लांब बाक — हो, तोच, जो तुला कपाटाशेजारी ठेवायला हवाय, तोच तो. ज्या इयत्तेची पाळी तिने पुढे यायचं, त्या बाकावर बसायचं आणि धडा म्हणून दाखवायचा. बाकीच्यांनी मागे आपापलं लिहीत बसायचं. पण कान काय बंद करता येतात? सेल्मर पहिलीत होता तेव्हाच त्याला सातवीचा भूगोल येत होता. आणि मोठी पोरं आपलं झालं की धाकट्यांना घ्यायची. कुणी कुणाला शिकवलं ते कळायचंच नाही. अठरा वर्षांची झाले आणि त्याच शाळेवर मीच बाई झाले, तो तेरा वर्षांचा, सातवीत. घरी मी आर्डिस, शाळेत मला बाई म्हणायला हवं — नाही म्हणाला. दोन वर्षं त्याने मला शाळेत हाकच मारली नाही, काही विचारायचं असलं की खोकायचा. काउंटीचा तपासनीस आला तेव्हा म्हणाला, बाई, या मुलाला छातीच्या डॉक्टरला दाखवा.

हसतेस काय, तो तपासनीस माझ्यावरच ओरडून गेला होता. का, तर मी पोरांना सात काढताना पोटात आडवी रेघ मारायला शिकवते म्हणून. आमचे आजोबा तसाच काढायचे, बाप तसाच काढायचा. पंचक्रोशीत कुणाचाही सात बघ, मी सांगेन हा कुणी काढलाय — रेघ कुणाची वर जाते, कुणाची खाली घसरते. सगळ्यांचे हात मी गिरवून घेतलेत.

मग बावन्न साली सरकारने बोलावलं आणि तो कोरियाला गेला. तिथलं काही विचारू नकोस, त्याने कुणाला सांगितलं नाही. डाव्या पायाची दोन बोटं थंडीने गेली, एवढंच आम्हाला दिसलं, ते पण मोजे धुताना आईला. डकोटात वाढलेल्या माणसाची बोटं दुसरीकडच्या थंडीने जावीत, याची त्याला लाज वाटायची. पत्रं यायची ती एका ओळीची, मी बरा आहे, तुम्ही बरे असाल. एकच पत्र जरा लांब आलं. लिहिलं होतं — आर्डिस, इथे केंटकीचा एक पोरगा आहे, त्याला आईचं पत्र वाचता येत नाही. त्याला मी जेवणाच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून अक्षरं शिकवतोय, तू धाकट्या लिएनला शिकवायचीस तसं. काल त्याने 'घेवडा' वाचलं आणि रडला. — एवढंच. ते पत्र कुठाय? आहे कुठेतरी. तुला मिळणार नाही. पण तो मास्तर झाला तो त्या पत्रात झाला, तुमच्या कॉलेजात नव्हे, हे लिहून घे.

तुमच्या कॉलेजात तो काय झाला ते मी सांगते. लढून आलेल्यांना सरकार फुकट शिकवत होतं, तो गेला. गेला तेव्हा साधा बोलायचा. दुसऱ्या वर्षी नाताळला आला तो पोरांना पोरं म्हणेना, अध्ययनार्थी म्हणायला लागला. बाकाला म्हणे आसनव्यवस्था. बापाने विचारलं, मग शेणाला काय म्हणतात रे तुमच्यात? गुपचूप गोठा साफ करायला गेला. म्हणजे तसा वाईट नव्हता. पण तिथे त्याला एक साहेब भेटला, टोपीवाला, पुढची सगळी वाट त्याने लावली. साहेबाचं म्हणणं, एका खोलीच्या या शाळा मोडायच्या, पोरांना बसने गावातल्या मोठ्या शाळेत घालायचं, प्रत्येक इयत्तेला वेगळी खोली, वेगळी बाई, पदवीवाली. उंटावरून शेळ्या हाकायच्या झाल्या तर आणखी काय म्हणणार? आणि सेल्मरला सांगितलं, सुरुवात तुझ्याच गावापासून कर. तुझं ऐकतील.

— हो, माझ्याच शाळेपासून. तेरा वर्षं झाली होती मला तिथे. अकरा पोरं होती पटावर.

एकोणीसशे सत्तावन्न, मे महिना, रविवार, चर्च सुटल्यावर सभा ठेवली. शाळेतच. बाहेर पाऊस आणि बर्फ मिसळून पडत होता, मी शेगडी पेटवलेली. मतं सगळी मिळून चौदा. त्यात एक माझं, आणि एक सेल्मरचं, कारण त्याचा पत्ता अजून घरचाच होता, कॉलेजात तो खोली घेऊन राहायचा. आता तुला मत कसं द्यायचे ते सांगायला हवं. चिठ्ठ्या नाहीत. चिठ्ठीवर काहीही लिहिलं, नुसती फुली मारली तरी मला अक्षर ओळखू येणार, मग गुप्त काय राहिलं? म्हणून आमच्याकडे शाळेचं मत दाण्यांनी. प्रत्येकाच्या हातात दोन दाणे द्यायचे, एक घेवड्याचा, एक मक्याचा. कोट टांगायच्या पडद्यामागे काकवीचा रिकामा डबा ठेवायचा, पोरं जेवण आणतात तसला. एकेकाने पडद्यामागे जायचं, हवा तो दाणा डब्यात टाकायचा, दुसरा मुठीत घेऊन बाहेर यायचं. त्या दिवशी घेवडा म्हणजे शाळा बंद, मका म्हणजे शाळा चालू. समजलं? समजायला पदवी लागत नाही.

आणि सेल्मर भाषणाला उभा राहिला तो सैन्यातला कोट घालून. साहेबाने सांगितलं होतं, कोट घालून ये. किती नीच माणूस, बघ. कोट घालून, लंगडत लंगडत फळ्यापाशी आला, आणि बोलायला लागला — प्रगती, काळाची गरज, अध्ययनार्थी — आणि त्याला घाम फुटला. मागच्या बाकावर तो साहेब बसलेला, मांडीवर टोपी आणि टोपीत वही. सगळ्यांना कळलं, हे पोरगं आज पडलं तर तो साहेब याला कॉलेजात ठेवत नाही. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे कोण बोलतं? टोलेफसन उठले आणि म्हणाले, छान बोललास सेल्मर. क्लॅरेन्स म्हणाला, विचार करण्यासारखं आहे. म्हातारा लिएन म्हणाला, हूं. एवढीच चर्चा. मग उठून एकेक पडद्यामागे.

डबा उपडा केला माझ्याच टेबलावर. तेरा घेवडे, एक मका. फळ्यावर आकडा मी लिहिला, माझ्याच खडूने. कुणी कुणाकडे बघेना. साहेबाने टोपी घातली, सेल्मरचा हात हातात घेऊन हलवला, आणि म्हणाला, बघितलंस, ग्रामीण माणूस बदलाला तयार असतो, फक्त त्याला नीट समजावून सांगावं लागतं. हेच वाक्य पुढे सेल्मरच्या प्रबंधात आलं, हेच त्याच्या भाषणांत आलं, याच्यावर चाळीस वर्षं भाकरी खाल्ली त्याने. तुझ्या पाटीवरही आहे ना? वाच. — 'त्यांच्या स्वतःच्या गावाने त्यांच्या विचाराला तेरा विरुद्ध एक अशी साथ दिली.' हं. साथ म्हणे.

तो एक मका माझा, ते पण लिही. सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. त्याच दिवशी बाहेर पाण्याच्या पंपापाशी मी त्याला गाठलं आणि तोंडावर सांगितलं, सेल्मर, तो एक मका माझा, लक्षात ठेव. माझ्याकडे बघत राहिला. कोटावर बर्फ पडत होता. मग म्हणाला, ठेवीन, आर्डिस. बस, एवढंच. त्यानंतर मी त्याला विसरू दिलं नाही कधी. नाताळला आला की जेवताना, फोन केला की फोनवर, बाप गेला तेव्हा कबरस्तानात — तो मका माझा होता, सेल्मर. आणि तो आपला, हो, आर्डिस. बोलणार काय? बोलायला तोंड होतं का त्याला?

पुढे काय व्हायचं ते झालं. पोरं बसने गेली. शाळा क्लॅरेन्सने विकत घेतली, दोन ट्रॅक्टर जोडून ओढत नेली आणि तिच्यात गहू भरला. ती बघ खिडकीतून, पांढरी, तीच. आणि मला गावातल्या मोठ्या शाळेत नोकरी मिळाली — स्वयंपाकघरात. पदवी नव्हती ना. पदवीशिवाय बाई घ्यायची नाही, हा नियम ज्या अहवालात होता त्याच्यावर सही कुणाची, विचार. मग बावीस वर्षं मी त्याच पोरांना बटाटे वाढले ज्यांना मी वाचायला शिकवायची. ती आपली ताट पुढे करून म्हणायची, थँक्यू बाई. बाई म्हणायची सवय गेली नव्हती त्यांची.

लग्न? पुढच्याच वर्षी केलं, क्लॅरेन्सशी. बत्तिसाव्या वर्षी. तसं त्याच्यात बघण्यासारखं काही नव्हतं, कान मोठे आणि बोलणं कमी. पण शाळा ओढून नेताना तो ट्रॅक्टरवर रडत होता, मी बघितलं. आणि त्या सभेत बाहेर आला तेव्हा बुटांकडे बघत होता. म्हटलं, हाच. चौदा माणसांत एकटा हाच मर्द निघाला, याने मका टाकला. त्या एका दाण्यावर मी लग्न केलं म्हण ना —

काय? — काय म्हणाले मी? — नाही, तसं नाही. — अगं माझाच होता, पण — ती वही मिट बघू. मिट म्हणते ना. कॉफी घे अजून. तिसरा कप आहे, लाजू नकोस.

बरं. कॉलेजात तुम्हाला कान द्यायला शिकवतात वाटतं, बाकी काही नाही शिकवलं तरी. ऐक मग, पण हे पाटीवर नको. मी घेवडा टाकला होता. हो, मी. अशी काय बघतेस? पडद्यामागे उभी राहिले, मुठीत दोन दाणे, आणि मनात म्हटलं, त्याचा स्वतःचा सोडला तर बाकीचे बारा मका टाकणार हे तर उघड आहे, ही शाळा कोण मोडेल, यांची स्वतःची पोरं आहेत इथे. डबा उपडा होणार, मकेच मके पडणार आणि त्या टोपीवाल्यासमोर माझ्या भावाच्या नावाने त्याच्या स्वतःच्या दाण्याशिवाय दुसरा दाणा नसणार. घामाने निथळत होता गं तो. लंगडत होता. म्हटलं, जोडीला एक तरी असू दे बिचाऱ्याच्या. शाळेला काय धोका आहे, बारा आहेत की. म्हणून टाकला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही, माझ्या हाताने माझी शाळा मी डब्यात घातली.

आणि मी एकटी नव्हे, हीच तर गंमत. पुढे एकेकाने येऊन कबूल केलं. चर्चच्या तळघरात कप धुताना बर्निस टोलेफसन म्हणाली, आर्डिस, एक सांगू, मी घेवडा टाकला होता गं, मला वाटलं बाकीचे सगळे मका टाकतील, पोराला एक तरी पडू दे. दोन वर्षांनी तिचा नवरा, तेच. मग पलीकडच्या शेतावरचे दोघे भाऊ, तेच. कुणी दवाखान्यात, कुणी मयताच्या जेवणात, कुणी कुंपणापाशी. प्रत्येकाला वाटायचं गाढवपणा आपण एकट्यानेच केला. एवढा मोठा गाव, एवढी शहाणी माणसं, आणि सगळ्यांनी मिळून केली ती दया. तिला तुमच्या कॉलेजात म्हणतात ग्रामीण माणसाची बदलाची तयारी. तिच्यावर प्रबंध आहेत. तक्ते आहेत. मला सगळ्यात हसू येतं ते तक्त्यांचं.

क्लॅरेन्स सतरा वर्षांपूर्वी गेला. चाळीस वर्षं संसार झाला, चांगला माणूस. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, आर्डिस, मनाला लागून राहिलंय, त्या दिवशी मी घेवडा टाकला. मी म्हटलं, काय? म्हणाला, मला वाटलं बाकीचे — मी म्हटलं, गप्प बस क्लॅरेन्स, पुढचं पाठ आहे मला. चाळीस वर्षं ज्या दाण्यावर मी त्याचे बूट पुसले तो दाणा त्याचा नव्हताच. रागावले का? रागावून काय करणार, मरत होता तो. आणि त्याने विचारलं असतं, तू काय टाकलास, तर? त्यालाही मी माझा मकाच सांगितला होता लग्नाआधी, सगळ्यांना सांगितला तसा. माझं तोंड बघून त्याला कळलं असणार, पण मग तू कुणाच्या मक्यावर भाळलीस, हे त्याने मला विचारलं नाही, एवढं त्याचं मोठेपण.

तर मग उरला म्हातारा लिएन. त्याने कधी काही कबूल केलं नाही, तो कुणाशी बोलायचाच नाही, आयुष्यात कुणाला हो म्हणाला नव्हता. म्हटलं, तोच असणार. खडूस होता, पण निदान ताठ कण्याचा होता. तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात मी त्याच्या थडग्यावर फुलं ठेवते. त्याच्या सुनेला वाटतं माझं डोकं फिरलंय.

सेल्मरला यातलं काही सांगितलं का? कशाला सांगू? त्याने सुधारणा केली होती का? तीस वर्षांनी आमच्या या सेल्मरसाहेबांनी पुस्तक लिहिलं. काय शोध लावला, माहीत आहे? की लहान-मोठी मुलं एका खोलीत एकत्र बसवावीत, मोठ्यांनी धाकट्यांना शिकवावं, धाकटी नुसतं कानावर पडूनही शिकतात. वरातीमागून घोडं, आणि घोडं माझंच. लोक विमानाने यायचे ऐकायला. मला प्रत पाठवली होती, ती मी त्या खिडकीला टेकू म्हणून लावलीय, बघ, उत्तम टेकू आहे. वाचतेय कशाला मी. एकशे बाराव्या पानावर तर चक्क पुढच्या बाकाचं लिहिलंय, शेगडीचं लिहिलंय, आणि खोकणाऱ्या मुलाचं — बाईंचं नाव नाही. 'एक शिक्षिका' म्हणे. — हो, वाचलं. दोनदा वाचलं. वही उघडू नकोस.

त्याने बोलावलं होतं, नाही कसं. प्रोफेसर झाला तेव्हा फोन आला, आर्डिस, समारंभ आहे, येशील? मी म्हटलं, नको. दुसऱ्या दिवशी परत फोन, येशील का? म्हटलं, उगाच त्रास कशाला. पोशाख शिवून ठेवला होता, निळा. तिसरा फोन आला नाही. निवृत्त झाला तेव्हा पण तेच, दोनदा विचारलं आणि थांबला. शहरात राहून रीत विसरला. माणूस कितीही शिकला तरी तिसऱ्यांदा विचारायला काय जातं?

नाही, सांगितलं ना तुला, मी येणार नाही. लांब आहे, गुडघे दुखतात, आणि तुला उगाच दोन्हीकडचा त्रास. बाक हवा तर ने, गव्हाच्या पोत्यांमागे आहे, उंदरांनी एक पाय कुरतडलाय.

आणखी काय? — उरलेला? कुठला उरलेला? — अगं दोन दाणे हातात, एक डब्यात गेला, दुसरा राहिला मुठीत. त्याचं काय करणार, कोंबड्यांना टाकला असेल लोकांनी. क्लॅरेन्स म्हणाला त्याने चघळला. माझ्या मुठीत मका राहिला होता, तो मी शेगडीत टाकला, कुणी बघायला नको म्हणून. फुटला आत, लाहीसारखा, मी किती दचकले. ज्याने घेवडा टाकला त्याच्याकडे मका राहणार, आणि ज्याने मका टाकला त्याच्याकडे —

दे ती काडेपेटी. दे इकडे. चष्मा कुठाय माझा, त्या लोण्याच्या भांड्यामागे बघ. झाकणाच्या आत काय लिहिलंय, पेन्सिलीने? — मे १९५७. हा सात बघ. पोटात रेघ. वर जाणारी. हा हात मी धरला होता, पोरी.

म्हातारा लिएन नव्हताच तो. सतरा वर्षं मी त्या खडूसाला फुलं वाहतेय.

सेल्मरने मका टाकला. स्वतः भाषण केलं, घाम पुसला, पडद्यामागे गेला आणि मका टाकला. त्यालाही तेच वाटलं असणार ना — की सगळे या कोटाला भिऊन घेवडा टाकणार, आर्डिसच्या दाण्याच्या जोडीला एक तरी पडू दे. आमच्याच घरातला, दुसरं काय सुचणार त्याला. आणि मी फळ्यावर आकडा लिहिला, तेरा आणि एक, तेव्हा तो तिथे बाजूला उभा होता. एक त्याचा. मग तेरात मी आले. हे त्याला तेव्हाच कळलं. त्याला गणित मीच शिकवलं होतं. आणि दहा मिनिटांनी मी पंपापाशी जाऊन त्याच्या तोंडावर म्हणाले, तो मका माझा. आणि तो म्हणाला, ठेवीन, आर्डिस. नाताळला म्हणाले. बापाच्या कबरीपाशी म्हणाले. गेल्या हिवाळ्यात फोनवर म्हणाले, त्याला धड श्वास घेता येत नव्हता. हो, आर्डिस. अठ्ठावन्न वर्षं. एकदा म्हणाला नाही की खोटं बोलतेस. एकदा म्हणायला काय जात होतं त्याला? मला लाज वाटते गं. मी फार छळलं त्याला, आणि त्याने छळू दिलं.

लिहिलंस? — नाही लिहिलंस. बरं केलंस. बाकी खोकं ने, तो कागद ने, खडू ने, पाटीवर काय लिहायचं ते लिहा. ही काडेपेटी इथे राहील. त्या बाकावर पोतं टाक गाडीत, नाहीतर ओरखडे पडतील.

ऊठ आता. दार नीट ओढून घे, माश्या आत येतात. — आणि तशी उंबऱ्यात उभी राहून काय बघतेस माझ्याकडे? दोनदाच विचारलंयस तू.